परक्याचं रडणं

जुलैतल्या एका गुरुवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला घरून फोन आला म्हणून मी बारमधून बाहेर पडलो. फोन काही महत्त्वाचा नव्हता. येताना दूध आण, एवढंच. पण रेकॉर्ड चालू असताना आत फोनवर बोललेलं तिथं कुणाला खपत नाही, आणि तो नियम इतरांना ऐकवणाऱ्यांत मीच पुढे असतो. त्यामुळे बाहेर येऊन पत्र्याच्या पन्हाळीखाली उभं राहणं भाग होतं. कल्याणीनगरच्या एका आतल्या गल्लीतला हा बार. गुरुवारी तिथं फर्माइशी घेत नाहीत. एक अल्बम निवडतात आणि पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत अख्खा वाजवतात, खऱ्या तबकडीवर, मधे उठून बाजू पलटून. त्या दिवशी पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ होता. पाऊस पुण्याचा, म्हणजे धड पडायचा नाही आणि धड थांबायचाही नाही. कुणी आत-बाहेर केलं की दार उघडायचं आणि गाण्याचा एक तुकडा आमच्या अंगावर येऊन पडायचा. दार लागलं की परत पाऊस.

दारावर सिक्युरिटीचे काका होते. निळा शर्ट, खांद्याला दोरीतली शिट्टी, पायात मात्र घरची प्लास्टिकची चप्पल, कारण एजन्सीचे बूट पावसात फुगतात. बीडकडचे. मी बारा-तेरा वर्षं त्या बारमध्ये जातोय आणि हे काका तिथं निदान तीन वर्षं तरी असतील. ‘काय काका’ आणि ‘या साहेब’ याच्यापलीकडे आमचं कधी गेलं नव्हतं. मी फोन खिशात ठेवत होतो तेवढ्यात दार उघडलं आणि पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं बाहेर आलं. शब्द नसलेलं. नुसता त्या बाईचा आवाज, चढत, फाटत, खाली येत. दार लागलं. काका म्हणाले, ‘साहेब, एक इचारू का? ही बाई कोन मेलंय म्हून रडायलीय ओ?’

मी हसलो. ते हसू मला पुढं बरेच दिवस पुरलं.

मग मी सांगायला लागलो. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. १९७३ चा अल्बम, इंग्लंडचा बँड, एकेक गाणं माणसाच्या आयुष्यातल्या एकेका ओझ्यावर बेतलेलं, वेळ, पैसा, वेड, आणि हे जे गाणं आहे ते मृत्यूवर, पण रडणं असं नाही, ते जरा तत्त्वज्ञानाच्या अंगानं... काका ऐकत होते, पण डोळे पार्किंगवर. एक गाडी मागे घेऊन झाल्यावर ते म्हणाले, ‘न्हाई, ती बोलत न्हाई म्हून इचारलं. आमच्याकडं बाया रडताना बोलत्यात. गेलेल्याचं नाव घेत्यात, त्यानं काय काय केलं ते सांगत्यात. ही नुस्ती रडायलीय. म्हंजी घरातलं मानूस नसंल. परक्याचं मढं असंल.’

मी ‘हं, असेल’ म्हणून आत गेलो. बारवरचा पोरगा तबकडी पलटत होता.

घरी येऊन दूध फ्रिजमध्ये ठेवलं तेव्हा पाऊण वाजला होता. झोप लागेना. अंधारात पडल्या पडल्या मी मनातल्या मनात काकांची उलटतपासणी घेत होतो आणि प्रत्येक वेळी साक्ष त्यांच्याच बाजूनं पडत होती. त्या गाण्याची कथा मला पाठ आहे. क्लेअर टॉरी. स्टुडिओत भाड्यानं गाणारी, २५ वर्षांची मुलगी. त्या बँडची ती काही चाहती नव्हती. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला बोलावलं, पियानो ऐकवला आणि सांगितलं की शब्द नाहीत, तू गा. ती आधी ‘बेबी बेबी’ असलं काहीतरी घालून गायला लागली तर ते नको म्हणाले. मग तिनं ठरवलं की आपला आवाज म्हणजे एक वाद्यच आहे असं समजायचं, आणि मोजक्या टेकमध्ये काम उरकलं. संपल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, फार झालं असं वाटून तिनं माफी मागितली आणि घरी गेली. हे आपलं गाणं ते वापरणार नाहीत अशी तिची खात्री होती. पुढं एका दुकानात अल्बम दिसला, त्यावर स्वतःचं नाव दिसलं, तेव्हा तिला कळलं. पैसे मिळाले ३० पौंड. एरवी १५ मिळायचे, रविवार म्हणून डबल.

एवढं सगळं मला माहीत होतं आणि तरी मी काकांना तत्त्वज्ञान सांगितलं. कोण गेलं, कशासाठी रडायचं, तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. परक्याचं मढं. शब्द कुठून येणार?

आता खरं सांगायचं तर माझी बहुतेक मतं उसनी आहेत. मी नव्वदच्या दशकात नगरहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो तेव्हा होस्टेलच्या आमच्या मजल्यावर एक सिनिअर होता, त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि मतं होती. जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी कॅसेटी यायच्या, कुणाच्या तरी परदेशातल्या मामाकडून यायच्या, आणि त्याच्या खोलीत नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटींवर उतरायच्या. ‘डार्क साइड’ त्रेचाळीस मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला बरोबर मावतो. माझ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ होता. त्यामुळे आजही त्या शेवटच्या हृदयाच्या ठोक्यांनंतर माझा कान आधी कोऱ्या टेपच्या दोन मिनिटांच्या खरखरीची वाट बघतो, मग बटणाचा ‘खट’ आवाज, आणि मग सुसाट गिटार. खऱ्या रेकॉर्डमध्ये यातलं काहीही नाही. पण मतांचं सांगत होतो. तो सिनिअर आधी सांगायचा काय थोर आहे, मग कॅसेट लावायचा. मतं आधी आली, गाणी मागून. कोणता ड्रमर मोठा, कोणता अल्बम बाजाराला विकला गेलेला, कुठल्या सालानंतर कुणाचं काय ऐकायचंच नाही, हे सगळं मी ऐकायच्या आधी पाठ केलं होतं आणि पुढं अनेक वर्षं त्या बारमध्ये बसून नव्या पोरांना सांगत आलो. टेबलावर ग्लास ठेवायला आलेल्या माणसाला यात मत असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही. तो माणूस आठवड्याला सहा दिवस, रोज सात-आठ तास, स्वतःची निवड नसताना हे ऐकतो. माझ्यापेक्षा किती पट जास्त ऐकलं असेल त्यानं, याचा हिशेब मी त्या रात्री पहिल्यांदा केला.

पुढच्या गुरुवारपासून मी विचारायला लागलो. सुरुवातीला त्यांना वाटलं तक्रार करतोय.

कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा माणूस, औशाचा. धंद्यात पंधरा वर्षं, हॉटेल बदलून बदलून इथं स्थिरावलेला. त्याची विभागणी सरळ होती. ‘सर, बीअरचे अल्बम वेगळे, व्हिस्कीचे वेगळे. तुमचा तो चंद्राचा आहे ना, तो व्हिस्कीचा. माणूस दोन पेगवर दीड तास बसतो, बर्फ मागत राहतो, डोळे मिटून घेतो. डोळे मिटलेल्या माणसाला रिपीट कसं विचारायचं? टेबल फिरतच नाही.’ एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ मात्र त्याच्या लेखी जगातला सर्वोत्तम अल्बम. बेचाळीस मिनिटांत पिचरवर पिचर, चखण्याच्या बशा परत परत, आणि टिपाही बऱ्या, कारण लोक खूश होऊन उठतात, विचारात पडून उठत नाहीत. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ त्याला आवडत नाही. आवाजाचं काही नाही, ग्लास फुटतात. फुटलेला ग्लास कुणाच्या खात्यावर टाकायचा यावरून महिनाअखेरीला वाद होतात. मी म्हटलं, पण गाणी म्हणून कशी वाटतात? तो जरा थांबला. म्हणाला, ‘सर, तुम्ही तुमच्या ऑफिसात बसता, तिथला एसी गाणं म्हणून कसा वाटतो?’

बारवरचा पोरगा वेगळा. चोवीस वर्षांचा, वाईचा, करंगळीचं नख वाढवलेला, स्वतः गिटार वाजवणारा, आणि मतांच्या बाबतीत आमच्या त्या सिनिअरचा पुनर्जन्म. त्याला ‘डार्क साइड’ म्हणजे पाहुण्यांना दाखवायचा अल्बम वाटतो. ‘सर, तो सगळ्यांना आवडतो, हीच त्याची अडचण आहे.’ त्याच्या मते त्या बँडचं खरं काम १९७७ च्या ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये आहे, तीन लांब गाणी आणि दोन्ही टोकांना एकेक चिमुकलं. मी त्याला त्या कव्हरवरच्या डुकराची गोष्ट सांगायला गेलो, की फोटोसाठी हवेत सोडलेला तो मोठा फुगा दोर तुटून उडाला आणि लंडनच्या विमानांची पंचाईत झाली, तर ती त्याला माझ्यापेक्षा तपशिलात ठाऊक होती. मला राग आला, लपवत नाही. मग त्यानं हळूच खरं कारण सांगितलं. त्यातलं एक गाणं सतरा मिनिटांचं आहे. गर्दीच्या वेळेला सतरा मिनिटं तबकडीकडे बघावं लागत नाही. उलट लेड झेपलिनचा ‘फिजिकल ग्राफिटी’, दोन तबकड्या, चार बाजू. चार वेळा हात पुसून, लिंबाचा, सोड्याचा चिकटा घालवून, सुई उचलायची. ‘अल्बम भारी आहे सर, पण गुरुवारी नको.’ त्यातल्या ‘काश्मीर’बद्दल त्यानं विचारलं की यात काश्मीर कुठं आहे. मी सांगितलं, कुठंच नाही, ते शब्द त्यांच्या गायकाला, प्लांटला, मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचले, काश्मीर त्यानं तोवर पाहिलंही नव्हतं. पोरगा खूश झाला. वाईच्या माणसाला महाबळेश्वर न बघता महाबळेश्वरची वर्णनं करणारे पुणेकर माहीत असतात.

स्वयंपाकघरात मोहोळचे आचारी आहेत. त्यांच्यापर्यंत गाणं पोचतच नाही. एक्झॉस्टचा घरघराट, कढईतल्या तेलाचा आवाज, केओटीच्या, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांच्या, छपाईची किरकिर, या सगळ्यातून भिंत ओलांडून येतो तो फक्त ढोल. त्यांचं सगळं रॉकसंगीत म्हणजे भिंतीपलीकडचा ढोल. मी म्हटलं, कुठला आवडतो? त्यांनी झाऱ्यानंच ठेका धरून दाखवला, संथ, जड, प्रत्येक ठोक्याच्या आधी श्वास घेतल्यासारखा. मी ओळखला. झेपलिनच्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं. ‘ह्यो बंद घरात वाजवलाय,’ आचारी म्हणाले. ‘बाकीचे मोकळ्यावर वाजवल्यात. ह्येला वर छप्पर हाय.’ आता हे ऐकून मी खरंच हातातला ग्लास खाली ठेवला. १९७१ चा तो ढोल हॅम्पशरमधल्या एका जुन्या घराच्या दर्शनी दालनात, जिन्याच्या तळाशी ठेवला होता आणि माइक वर जिन्यात टांगले होते. जिना तीन मजली. त्या आवाजावर जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी डोकी खाजवली आहेत. पण मोहोळच्या माणसाला कशाला आश्चर्य वाटेल? पुण्यात जो कुणी जुलै-ऑगस्टमध्ये राहिला आहे त्याला हा फरक कानानं माहीत आहे. नदीपात्रात पथकांचा सराव चालतो तेव्हा ढोल कोरडा, सुटा, वाऱ्यावर गेलेला ऐकू येतो. तोच ढोल विसर्जनाला पेठेतल्या एखाद्या अरुंद बोळाच्या तोंडाशी आला की दोन्ही बाजूंचे वाडे त्याला छातीवर फेकतात. जिना काय आणि बोळ काय.

लेडीज टॉयलेटची साफसफाई बघणाऱ्या मावशी येरवड्याच्या. त्यांना ‘ते घंटेचं’ एवढंच ओळखू येतं, म्हणजे ‘बॅक इन ब्लॅक’. भिंतीवर त्याचं कव्हर लावलंय, नुसतं काळं. मावशींनी मला विचारलं, ‘दादा, ह्याच्यावर चित्र का नाही?’ मी म्हटलं, त्यांचा गाणारा गेला होता, म्हणून काळं. कधी गेला? १९८० च्या फेब्रुवारीत. आणि हे कधी काढलं? जुलैत, नवा गाणारा घेऊन. मावशींनी बोटं मोजली. ‘पाच महिन्यात दुसरा उभा केला? वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं होतं.’ पोछा पिळून बादलीत टाकला आणि परत म्हणाल्या, ‘घंटा मात्र वाजवली, बरं केलं.’

एक नांदेडचा नवा वेटर मात्र स्पष्ट म्हणाला की त्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. कानावर पडतं, पण तो मनात स्वतःची गाणी लावून ठेवतो. कुठली, ते सांगायला लाजला. ‘डार्क साइड’मध्ये घड्याळांचे गजर एकदम वाजायला लागतात तिथं तो पहिल्या आठवड्यात दचकला होता, ट्रे हलला होता, आणि बाकीच्यांनी त्यावर पैजा लावल्या होत्या. तेवढी एक जागा त्याला आता पाठ आहे. तिथं तो मुद्दाम कुणाच्या तरी टेबलापाशी थांबतो आणि गिऱ्हाईक दचकलेलं बघतो.

हे सगळं लिहिताना मला थोडी भीतीही वाटते आहे. आपल्याकडे एक जुनी खोड आहे, साध्या माणसाच्या तोंडून शहाणपण काढून घ्यायचं आणि स्वतःच्या नावावर छापायचं. तसं होऊ नये म्हणून हेही नोंदवतो की काका पुष्कळ वेळा साफ चुकले. आयर्न मेडनच्या कव्हरवरचा तो सांगाडा म्हणजे त्या लोकांचा म्हसोबा आहे आणि म्हणून तो प्रत्येक कव्हरवर असतो, असं त्यांचं ठाम मत आहे, ते मी खोडू शकलेलो नाही. माझा अत्यंत आवडता एक अल्बम त्यांनी ‘मिक्सरचं भांडं रिकामं फिरवल्यावानी’ म्हणून निकालात काढला. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही.

पण परक्याचं रडणं हे काही डोक्यातून जाईना. आणि ते का जात नाही, हे कळायला मला आणखी एक आठवडा लागला.

माझे वडील सहा वर्षांपूर्वी गेले. दवाखान्यातून पहाटे घरी आणलं. आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर, लिफ्ट लहान म्हणून जिन्यानं. सकाळचे सात वाजले होते, शेजाऱ्यांच्या शाळेच्या बसची वेळ, म्हणून दार लोटून घेतलं होतं. कुणी मोठ्यानं रडलं नाही. आई खुर्चीत बसून होती. बहीण फोन करत होती. मी स्मशानाचा पास काढायला कुणाला पाठवायचं, गुरुजी किती वाजता येतात, कागदपत्रं कुठं आहेत, असल्या गोष्टी हळू आवाजात बोलत होतो. लहानपणी गावात आजी गेली तेव्हा आत्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आजीनं कुणाकुणाची बाळंतपणं केली, दुष्काळात सुकडी कशी पुरवली, कुठल्या सुनेला कुठलं लुगडं दिलं, सगळं रडण्यात आलं होतं. ते ऐकून मला आजी पहिल्यांदा कळली. वडिलांच्या वेळी आम्ही सगळे शिकलेले. आठच्या सुमाराला कामाच्या बाई आल्या. आमच्याकडे लागून त्यांना चार महिनेच झाले होते, वडिलांशी त्यांचं बोलणं म्हणजे ‘आजोबा, पाय वर घ्या, फरशी ओली आहे’ एवढंच. दारातून आत आल्या, बघितलं, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून नीट सांगता येत नाही. शब्द नव्हता त्यात. लांब, वर चढत गेलेला, मधेच फाटलेला. समोरच्यांचं दार उघडलं. आम्ही सगळे अवघडलो. बहिणीनं त्यांना धरून आत नेलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं त्या स्वयंपाकघराच्या दारात पदरानं तोंड पुसत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, ‘चुकलं दादा. आवरलं नाही.’

मी म्हटलं, असू दे. आणि पास कुठं मिळतो ते विचारायला खाली गेलो.

ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी मी परत बाहेर पन्हाळीखाली उभा होतो. फोन आला नव्हता. पाऊस ओसरला होता, हवेत ओल्या कचऱ्याचा आणि कुणाच्या तरी परफ्युमचा वास होता, लांबून कुठल्या तरी पथकाचा सराव ऐकू येत होता. मी काकांना म्हटलं, तुम्ही म्हणाला होता ते बरोबर होतं. ती बाई परकीच होती. मग मी सगळं सांगितलं. ३० पौंड, रविवारची डबल हजेरी. या जागी त्यांनी पहिल्यांदा पार्किंगवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. ‘डबल देत होते?’ हो. ‘आन एवढं चाललं गानं जगात?’ हो. मग पुढचं सांगितलं, की २००४ मध्ये तिनं दावा लावला, म्हणाली हे मी नुसतं गायलेलं नाही, हे मी रचलेलंही आहे. दुसऱ्या वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या गाण्यावर रचनाकार म्हणून तिचंही नाव लागतं. काकांनी मनात वर्षं मोजली. ‘तीस वर्षं,’ ते म्हणाले. ‘आमच्या भावकीतल्या जमिनीपेक्षा लवकर झालं.’

मला खरी सांगायची होती ती वेगळीच गोष्ट. या अल्बममध्ये मधे मधे माणसांच्या बोलण्याचे तुकडे ऐकू येतात. बँडमधल्या वॉटर्सनं काही प्रश्न कार्डांवर लिहिले होते आणि स्टुडिओत जो हाती लागेल त्याला अंधारात बसवून एकेक कार्ड दाखवलं होतं. सामान वाहणारी माणसं, त्यांच्या बायका, ज्यांना एरवी कुणी काही विचारत नाही अशी. सुरुवातीला आवडता रंग कोणता वगैरे, आणि मग एकदम, तुम्ही शेवटचा हात कधी उगारलात, मरायची भीती वाटते का. शेजारच्या खोलीत पॉल मॅकार्टनी काम करत होता, त्यालाही विचारलं. पण त्याची उत्तरं घेतली नाहीत. तो फार सांभाळून, हुशारीनं बोलत होता. घेतली ती जेरी ओ’ड्रिस्कॉल या माणसाची. तो त्या स्टुडिओचा दरवान. जगात इतक्या कोटी लोकांनी ऐकलेल्या या रेकॉर्डवर त्या रडणाऱ्या बाईच्या आधी जो बाप्या माणूस शांतपणे बोलतो, तो दारावरचा माणूस आहे. मी हे वर्षानुवर्षं टेबलावर लोकांना सांगत आलोय. त्या पावसाळी रात्री एका दरवानाशी त्याच गाण्याबद्दल दहा मिनिटं बोललो आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं.

झेपलिनचे पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते तेव्हा कुलाब्यातल्या एका डिस्कोथेकमध्ये अचानक वाजवून गेले. त्या रात्रीची गोष्ट सांगणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांतला एकही ट्रे घेऊन फिरणारा नाही.

तर काकांना मी सांगितलं, की तो बोलणारा आहे ना, तो तुमच्यासारखा, स्टुडिओच्या दारावरचा. त्याला विचारलं होतं, मरायला भीती वाटते का.

‘मंग? काय म्हनला?’

‘नाही म्हणाला. भ्यायचं कशाला, कधी ना कधी जायचंच आहे, केव्हाही येऊ दे म्हणाला.’

काका गप्प झाले. दार उघडलं, आतून दुसऱ्याच कुठल्या तरी अल्बमचा तुकडा बाहेर आला, चार पोरं हसत निघाली, त्यांच्यातल्या एकानं व्हॅले पार्किंगची चिठ्ठी काकांच्या हातात दिली. काकांनी ती उजेडात धरून वाचली, पलीकडच्या पोराला आवाज दिला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ड्युटीवर इचारलं न त्येला?’

‘हो.’

‘मंग काय सांगनार, साहेब? ड्युटीवर मानूस न्हाईच म्हनतंय. घरी जाऊन इचारायचं.’

पांढरी इनोव्हा मागे येत होती. काकांनी शिट्टी तोंडात धरली आणि हातानं मला बाजूला सरकायला सांगितलं.